नाण्याची फट

गेल्या दिवाळीत एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो असता त्यांच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक उंच पेटी उभी दिसली. पिवळ्या बाजू, माथ्यावर आतून उजळलेली नामपट्टी, छातीच्या उंचीवर मागे कललेला पडदा, त्याखाली एक जॉयस्टिक आणि खेळ सुरू करण्याची दोन बटणे. १९८० सालच्या 'पॅक-मॅन' ह्या खेळाच्या यंत्राची ती प्रतिकृती होती. स्नेह्यांनी इंटरनेटवरून मापे मिळवून ओळखीच्या सुताराकडून एकोणीस मिलिमीटरच्या प्लायवूडमध्ये ती करवून घेतली होती आणि आत तळहातावर मावेल एवढा संगणक बसवला होता. सुताराने आधी विचारले होते म्हणे, की ह्या कपाटाला फळ्या किती टाकायच्या?

मला सर्वांत अधिक नवल वाटले ते पेटीच्या खालच्या भागात बसवलेल्या लोखंडी दाराचे. त्याला नाणे टाकण्याच्या दोन फटी होत्या आणि त्या चालू होत्या. पेटीशेजारी एका वाटीत पितळी टोकन ठेवलेली होती. "स्वतःच्याच घरात तुम्ही टोकन टाकून खेळता?" असे मी विचारले. ते हसून म्हणाले, "सर, टोकन टाकले नाही तर मजाच येत नाही हो."

हे उत्तर त्या वेळी मी हसण्यावारी नेले. पुढे ह्या पेट्यांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा त्या उत्तरात बरेच काही साठलेले आहे असे वाटू लागले. सार्वजनिक जागेसाठी जन्मलेली वस्तू आपण घरात आणतो तेव्हा नेमके काय घरात येते आणि काय दाराबाहेरच राहते, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी निराळ्या संदर्भांत अनुभवला असेल. प्रस्तुत लेखात तो ह्या एका वस्तूच्या निमित्ताने तपासून पाहायचा आहे.

व्हिडिओ गेम आधी जन्मला आणि त्याची पेटी नंतर आली. १९६२ मध्ये एमआयटीतील काही तरुणांनी पीडीपी-१ ह्या संगणकावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ रचला. त्या संगणकाची किंमत सव्वा लाख डॉलरच्या आसपास होती. तो खेळ विकण्याचा प्रश्नच नव्हता. १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थी केंद्रात 'गॅलक्सी गेम' नावाचे यंत्र बसवले गेले. दहा सेंट टाकले की एक डाव खेळता येई. आत खराखुरा पीडीपी-११ संगणक असल्यामुळे त्याचा खर्च नाण्यांतून भरून निघणे अशक्यच होते.

त्याच वर्षी नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी ह्यांनी निराळा मार्ग काढला. त्यांनी संगणक वगळला, तर्कमंडले आणि साधा कृष्णधवल टीव्ही एवढ्यावर भागवले आणि 'कॉम्प्युटर स्पेस' हे यंत्र नटिंग असोशिएट्स ह्या कंपनीमार्फत बाजारात आणले. बुशनेल ह्यांनी विद्यार्थिदशेत एका करमणूक उद्यानातील खेळांच्या ठेल्यांवर काम केले होते. समोरून जाणाऱ्या माणसाला थांबवणे ही ह्या धंद्याची पहिली अट असते, हे ते तेथे शिकले असावेत. 'कॉम्प्युटर स्पेस'ची पेटी फायबरग्लासची होती, गोलाईदार आणि चकाकणारी; तिचा आकार बुशनेल ह्यांनी आधी मातीत घडवला होता. आतला टीव्ही सर्वांच्या ओळखीचा होता, परंतु बाहेरून ती वस्तू भविष्यातून आल्यासारखी वाटे.

किंबहुना चित्रपटवाल्यांनाही ती तशीच वाटली. १९७३ च्या 'सॉयलेंट ग्रीन' ह्या अमेरिकन चित्रपटाची कथा २०२२ सालात घडते. अन्नटंचाईने गांजलेल्या त्या शहरातील एका धनिकाच्या सदनिकेत पांढरी 'कॉम्प्युटर स्पेस' उभी आहे. नाण्यावर चालणाऱ्या व्हिडिओ गेमचे वय तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे होते. यंत्र नुकते कुठे बाजारात पोचत होते, आणि ते घरी असणे हे श्रीमंतीचे लक्षण म्हणून कोणाला तरी सुचूनही गेले होते. प्रत्यक्षातील २०२२ साल उजाडेपर्यंत अशी पेटी घरी असणे ही मध्यमवर्गीय हौस झालेली होती.

पण धंदा उभा राहिला तो 'पाँग'मुळे. १९७२ मध्ये बुशनेल आणि डॅबनी ह्यांनी अटारी ही कंपनी काढली. अॅलन अल्कॉर्न ह्या तरुण अभियंत्याने घडवलेले 'पाँग'चे पहिले यंत्र कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे अँडी कॅप्स टॅव्हर्न ह्या मद्यालयात ठेवण्यात आले. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्न ह्यांनी जाऊन उघडून पाहिले, तर आतला डबा नाण्यांनी भरून गेला होता आणि नवे नाणे खाली पडायला जागाच उरली नव्हती. ही हकिकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली आहे.

नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांकडे समाज संशयानेच पाहत आलेला होता हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे. न्यूयॉर्क शहरात पिनबॉल हा जुगाराचा प्रकार मानून १९४२ मध्ये बंद करण्यात आला आणि ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. म्हणजे व्हिडिओ गेमची पेटी ज्या घराण्यात जन्मली, त्या घराण्याला प्रतिष्ठा नव्हती. आईवडिलांना ती आवडत नसे, पोरांना फार आवडे. आपल्याकडच्या पार्लरांचीही कथा काही निराळी नव्हती.

नाण्याने ह्या खेळांचा घाट ठरवला. वृत्तपत्रातून हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीला प्रत्येक हप्त्याच्या शेवटी वाचकाला टांगून ठेवावे लागते, हे आपण साहित्याच्या अभ्यासात पाहतो. येथेही तसेच आहे. एका नाण्यात खेळणारा फार वेळ टिकला तर मालकाचे नुकसान, लगेच बाद झाला तर तो पुन्हा नाणे टाकणार नाही. ह्या दोन टोकांमधल्या अरुंद वाटेवर सारी रचना उभी आहे. तीन जीव, हळूहळू वाढणारी अडचण, ठरावीक गुणांना मिळणारा एक जादा जीव, कोणी खेळत नसताना पडद्यावर आपोआप चालू राहणारी झलक, हे सारे त्याच गणितातून आले. बोर्डावर बारीक खटक्यांची एक रांग असे. 'पॅक-मॅन'च्या बोर्डावर मालकाला ह्या खटक्यांनी एका डावात एक, दोन, तीन की पाच जीव द्यायचे, हे ठरवता येई. धंदा मंदावला की खटके फिरवून पाहता येत.

आणि नाण्यामुळे माणसे जमत. पुढचा डाव आपला आहे हे सांगण्यासाठी अमेरिकेत पडद्याच्या कडेवर आपले नाणे ठेवून देण्याची रीत पडली. न बोलता लावलेली ती रांगच होती. 'अॅस्टरॉइड्स' ह्या १९७९ च्या खेळात सर्वोच्च गुण मिळवणाऱ्याला तीन अक्षरे नोंदवता येत. यंत्राची वीज बंद केली की ती पुसली जात. म्हणजे ही कीर्ती दुकान बंद होईपर्यंतची असे. ती मिरवायला परके डोळे मात्र लागत.

जपानमध्ये ह्याच गोष्टीने निराळे रूप घेतले. १९७८ मध्ये तोमोहिरो निशिकादो ह्यांनी ताइतो कंपनीसाठी 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला, तेव्हा तो कॉफीगृहांतून काचेच्या टेबलांच्या रूपात पसरला. खाली पडदा, वर कपबशी. अमेरिकेत त्याच खेळाची उभी पेटी निघाली. तिच्यात पडद्याचे चित्र आरशातून चंद्रभूमीच्या रंगीत देखाव्यावर उमटवलेले असे. खेळातील शत्रू मारले जाऊ लागले की उरलेल्यांचा वेग वाढतो, हे अनेकांना आठवत असेल. चित्रे कमी झाली की प्रोसेसर ती लवकर काढू शके, म्हणून तो वेग वाढे. मर्यादेतून जन्मलेला हा गुण पुढे त्या खेळाचा प्राण ठरला.

आता ह्या इतिहासातील मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या भागाकडे येतो. घरी पेटी करणाऱ्यांत आणि जुन्या पेट्यांच्या संग्राहकांत एक वाद फार दिवस चालू आहे. जुनी पेटी विकत घेऊन तिच्यातील मूळ बोर्ड आणि पिक्चर ट्यूब काढून टाकायची, आत संगणक आणि सपाट पडदा बसवायचा, हे अनेक संग्राहकांना पाप वाटते. त्यांच्या मते मूळ वस्तू एकदा पोखरली की गेली. उलट पक्ष म्हणतो, की बंद पडलेल्या पेटीपेक्षा चालणारी पेटी बरी.

ह्या वादात 'मूळ' हा शब्द वाटतो तितका सरळ नाही. १९८० च्या सुमारास निन्टेन्डोने 'रडार स्कोप' नावाच्या खेळाच्या सुमारे तीन हजार पेट्या अमेरिकेत पाठवल्या. त्यांपैकी सुमारे दोन हजार विकल्याच गेल्या नाहीत. तेव्हा त्याच पेट्यांत बसेल असा नवा खेळ करण्याचे काम शिगेरू मियामोतो ह्या तरुण चित्रकाराकडे सोपवण्यात आले. त्यातून १९८१ चा 'डाँकी काँग' निघाला. अमेरिकेतील कंपनीचे प्रमुख मिनोरू अराकावा ह्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह गोदामात बसून एकेका पेटीचे आतडे बदलले आणि बाहेरची चित्रे बदलली. म्हणजे 'डाँकी काँग'च्या ज्या लाल पेट्यांना आज संग्राहक जपतात, त्या मूळच्या दुसऱ्याच खेळाच्या होत्या. १९८२ ची प्रसिद्ध 'मिस पॅक-मॅन' हीसुद्धा आधी जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ह्या छोट्या कंपनीने 'पॅक-मॅन'च्या बोर्डाला जोडण्यासाठी केलेली सुधारणा होती.

१९८३ च्या सुमारास अमेरिकेतील ह्या धंद्याला उतरती कळा लागली, तेव्हा पेट्या बदलून वापरण्याची रीत सार्वत्रिक झाली. नवी पेटी घेण्यापेक्षा नवा बोर्ड आणि नवी नामपट्टी घ्यावी, जुन्या चित्रांवर नवी चिकटवावीत, हे मालकाला परवडे. १९८५ मध्ये जपानी उत्पादकांच्या जामा ह्या संघटनेने छप्पन्न टोकांच्या जोडणीचे प्रमाण ठरवले आणि एक बोर्ड उपसून दुसरा बसवणे मिनिटांचे काम झाले. जुन्या वाड्यात भाडेकरू बदलत राहावेत, तसे पेटीत खेळ बदलत राहिले. तेव्हा घरी पेटी पोखरून नवा संगणक बसवणारा हौशी माणूस परंपरा मोडतो असे सरसकट म्हणता येत नाही. पेटी बदलण्याची परंपरा त्याच्याआधीपासूनची आहे. फरक एवढाच, की मालक पेटी बदलत असे ती नाणे पुन्हा पडू लागावे म्हणून.

पेटी घरी आणण्याची आजची रीत रूढ होण्यास कारण झाले ते एक सॉफ्टवेअर. ५ फेब्रुवारी १९९७ रोजी निकोला साल्मोरिया ह्या इटालियन प्रोग्रॅमरने 'मेम'ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. जुन्या बोर्डावरील प्रत्येक चिपचे वर्तन साध्या संगणकावर हुबेहूब वठवणे हे तिचे काम. ह्या यंत्रांची अंतर्रचना नोंदवून ठेवणे हा आपला हेतू आहे, खेळ खेळता येणे हा त्याचा केवळ अनुषंग, असे तिचे कर्ते आवर्जून सांगत आले आहेत. 'मेम'मध्ये स्वतःचे खेळ नसतात. ते मूळ चिपमधून उतरवून घ्यावे लागतात आणि त्यांवर स्वामित्वहक्क असतो, त्यामुळे ह्या छंदाचा एक पाय नेहमी कायद्याच्या कडेवर राहिला. २००४ मध्ये जॉन सेंट क्लेअर ह्यांचे 'प्रोजेक्ट आर्केड' हे पेटी बांधण्याचे पुस्तक आले. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा स्वस्त, चिमुकला संगणक आला. २०१८ मध्ये आर्केड-वन-अप ह्या कंपनीने मूळ उंचीच्या सुमारे तीन चतुर्थांश आकाराच्या, घरी स्क्रूने जोडायच्या पेट्या बाजारात आणल्या. करवत न धरताही पेटी घरी येऊ लागली.

मग मूळ वस्तूच का जपू नये? जपावी, परंतु ती आपल्यासाठी थांबत नाही. पिक्चर ट्यूबचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन थांबलेले आहे. 'पॅक-मॅन'चे चित्र २२४ गुणिले २८८ ठिपक्यांचे; ट्यूबवर हे ठिपके कडेला किंचित विरघळत आणि चित्रकारांनी ते तसे दिसणार हे धरूनच चित्रे काढली होती. सपाट पडद्यावर तीच चित्रे टोकदार विटांसारखी दिसतात. बोर्डांचे आयुष्य तर आणखी बेभरवशाचे. १९९३ मध्ये कॅपकॉमने आणलेल्या सीपीएस-२ ह्या बोर्डांवर खेळ सांकेतिक रूपात साठवलेला असे आणि तो उलगडण्याची किल्ली बॅटरीवर तगणाऱ्या स्मृतीत ठेवलेली असे. नकला होऊ नयेत म्हणून ही युक्ती. परिणाम असा, की बॅटरी संपली की अस्सल बोर्ड मुका होतो. संग्राहक तिला 'आत्मघाती बॅटरी' म्हणतात. २००१ पासून हौशी मंडळींनी हे कुलूप उघडायला सुरुवात केली म्हणून ते खेळ तगून राहिले. नकलेला अटकाव करण्याच्या व्यवस्थेने अस्सल मारले आणि नकलेने ते वाचवले. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना मूळ हस्तलिखित नष्ट होऊन प्रतींवर जगलेल्या ग्रंथांची येथे आठवण व्हावी.

वस्तुसंग्रहालयांनीही आपापली निवड केली आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये 'पॅक-मॅन'सह चौदा व्हिडिओ गेम संग्रहात घेतले आणि पुढच्या वर्षी ते मांडले. मांडणीत पेटी नव्हती. पडदा भिंतीत बसवलेला होता. पार्लरच्या स्मृतिरंजनाचा गंध नको, खेळाची रचना तेवढी दिसावी, असा तो विचार. म्हणजे संग्रहालयाने खेळ घेतला आणि पेटी सोडली. घरच्या हौशी माणसाने पेटी घेतली आणि आतले यंत्र सोडले. जमलेली परकी माणसे मात्र दोघांनाही नेता आली नाहीत. माझ्या स्नेह्यांची पितळी टोकनांची वाटी म्हणजे त्या हरवलेल्या तिसऱ्या गोष्टीची खूण आहे. टोकन संपले की डाव संपतो, एवढी तरी शिस्त घरात यावी, ही त्यांची धडपड. बोर्डाच्या खटक्यांत 'फुकट खेळ' असाही एक पर्याय असे. तो लावला की हरण्याला अर्थ उरत नाही आणि मग जिंकण्यालाही फारसा उरत नाही.

येथवर लिहून झाल्यावर एक गोष्ट मनात खटकू लागली. मी स्नेह्यांना फोन करून विचारले, की लहानपणी तुम्ही 'पॅक-मॅन' कुठे खेळलात? ते म्हणाले, "छे, मी कुठला पॅक-मॅन खेळतोय! आम्ही मुस्तफा खेळायचो." मीही तोच खेळत असे. १९९३ सालच्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' ह्या कॅपकॉमच्या खेळाला आपल्याकडे त्या नावाने कोणी ओळखत नव्हते. त्यातील मुस्तफा हे पात्र आमचे, आणि त्याचेच नाव साऱ्या खेळाला. हा खेळ मार्क शुल्ट्झ ह्यांच्या अमेरिकन चित्रकथामालेवर आधारलेला होता. त्याची घरगुती आवृत्ती कॅपकॉमने कधी काढलीच नाही. म्हणजे आमच्या पिढीतील असंख्य मुलांचा तो खेळ आज पाहायला मिळतो, तो प्रामुख्याने 'मेम'सारख्या मार्गांनी उतरवून ठेवला गेला म्हणून.

आमच्या तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडजवळच्या पार्लरमध्ये ती पेटी होती. एक रुपयाला एक टोकन मिळे. पेटी जपानहून किंवा अमेरिकेहून आलेली नव्हती. गावातल्याच सुताराने केलेली, तपकिरी सनमायका लावलेली, आत घरगुती रंगीत टीव्हीची ट्यूब. नामपट्टी नव्हती, कडेला चित्र नव्हते. आतला बोर्ड अस्सल असण्याचा संभव जवळपास नव्हताच. ते पार्लर केव्हाच बंद झाले आणि तेथे आता मोबाइलचे दुकान आहे. पेटीचे काय झाले असेल ह्याची कल्पना सहज करता येते. चांगले प्लायवूड कोणी टाकून देत नाही.

स्नेह्यांनी घरी आणलेली स्मृती त्यांची स्वतःची नाही, हे मला तेव्हा जाणवले. ज्या पेटीची मापे, चित्रे आणि रंगांचे क्रमांक कोणीतरी तळमळीने नोंदवून ठेवले होते, ती त्यांना बांधता आली. जिच्यापुढे ते प्रत्यक्ष उभे राहिले, ती कोणी नोंदवली नाही, म्हणून ती बांधता आली नाही. आपले लहानपण आठवताना आपण दुसऱ्याच्या लहानपणाचा नकाशा वापरतो तो असा. ह्यात स्नेह्यांचा दोष नाही. हौशी अमेरिकन, इटालियन आणि जपानी माणसांनी आपली क्षुद्र मानली गेलेली वस्तू मोजून ठेवली. आपण आपली तशीच जाऊ दिली. पार्लर चालवणारे, बोर्ड दुरुस्त करणारे, त्या पेट्या ठोकणारे सुतार आज साठी-सत्तरीचे असतील. त्यांना विचारून ठेवण्यास अजून वेळ गेलेली नाही.

फोन ठेवण्यापूर्वी मी स्नेह्यांना सुचवले, की पुढची पेटी मुस्तफाची करा, तपकिरी सनमायकाची, गावात होती तशी. कल्पना त्यांना फार आवडली. सुतार तोच आहे, प्लायवूडही उरलेले आहे, म्हणाले. मग त्यांनी विचारले, "सर, तिची उंची किती होती हो?" आम्ही दोघेही बराच वेळ आठवत राहिलो. आपण तिच्यापुढे टाचा उंचावून उभे राहत होतो, ह्यापलीकडे आम्हांला काही सांगता आले नाही.